कोपरगावचा धडा



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतील वडीलधारी माणसे मला वारंवार विचारतात, “वकीलसाहेब, धर्म बदलला, आता कायदेमंडळात आमच्या वतीने कोण बोलणार?” या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. ते म्हणजे बी. सी. कांबळे यांची राजकीय कारकीर्द.

कांबळे व्यवसायाने वकील, बाबासाहेबांचे सहकारी व पुढे त्यांचे चरित्रकार. 1952 साली ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे मुंबई विधानसभेत गेले. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. अवघा समाज पोरका झाला होता. अशा स्थितीत तीन-चार महिन्यांतच आलेल्या 1957 च्या निवडणुकीत कोपरगावने कांबळे यांना लोकसभेत पाठविले. हे कसे घडले? फेडरेशन तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. आपली मते एकवटली होती आणि इतर समाजांतील मतदारांची मतेही त्यांना येऊन मिळाली होती.

पुढे काय झाले, तेही ऐका. 3 ऑक्टोबर 1957 रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. परंतु थोड्याच काळात त्यात फूट पडली. दादासाहेब गायकवाड भूमिहीनांच्या लढ्यावर भर देत होते, तर कांबळे घटनात्मक मार्गाचा आग्रह धरीत होते. ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ अशी गटांना नावे पडली. दोघेही बाबासाहेबांचे निष्ठावंत. तरीही घर दुभंगले. 1962 साली त्याच कोपरगावातून काँग्रेसचे अण्णासाहेब शिंदे निवडून आले. कांबळे यांना लोकसभेत परतण्यास 1977 साल उजाडावे लागले, आणि तेही मुंबईतून.

आता कायद्याची बाजू पाहा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार बौद्धांना अनुसूचित जातीत स्थान नव्हते. नागपूरच्या राखीव जागेवर 1962 साली निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली रद्द केली. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता, एवढेच त्याचे कारण. हा दरवाजा उघडण्यास 1990 ची कायदादुरुस्ती यावी लागली. ज्याने धर्म लपविला नाही, त्याने चौतीस वर्षे ही किंमत मोजली!

आज कोपरगाव शिर्डी लोकसभा मतदारसंघात आहे आणि तो मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तथापि, 2009 साली तेथे रामदास आठवले उभे राहिले आणि पराभूत झाले. म्हणजे दरवाजा बंद असतानाच्या काळात आपला माणूस कोपरगावातून दिल्लीस गेला. दरवाजा उघडला तेव्हा मात्र उंबरठा ओलांडता आला नाही.

यावरून बोध घ्या. पात्रता कायदा देतो. जागा मतदार देतात. म्हणून शाळेच्या दाखल्यावर, जनगणनेच्या तक्त्यावर ‘बौद्ध’ असे निर्भयपणे लिहा. मूळ जातीची अनुसूचित जातीत नोंद असेल, तर धर्म लिहिल्याने तुमचा हक्क आता जात नाही. मतदारयादीत घरातील प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाचे नाव आहे की नाही, हे स्वतः तपासा. आणि मतभेद झाले तर ते विहारात बसून मिटवा. मतपेटीपर्यंत नेऊ नका. शेजारच्या शेतकऱ्याशी, कामगाराशी मैत्री ठेवा. बुद्धाची मैत्री केवळ वंदनेपुरती नाही.

जय भीम!