अज्ञातवासाची मुदत



गुन्हेगारांच्या टोळींत सोंग घेऊन शिरलेल्या पोलिसाची कथा म्हटली, कीं पिस्तुलें, पाठलाग आणि शेवटीं होणारी धरपकड आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. हा सरंजाम मनोरंजक खरा; पण अशा कथेंतील खरें भय गोळीचें नसतें. तें कशाचें असतें, हें २००२ सालीं हाँगकाँगमध्यें निघालेल्या एका बोलपटांत उत्तम रीतीनें दाखविलें आहे. अँड्र्यू लाउ व अ‍ॅलन माक यांनीं दिग्दर्शित केलेल्या या बोलपटाचें इंग्रजी नांव 'इन्फर्नल अफेअर्स'. त्याचें चिनी नांव मात्र आपल्याला अधिक जवळचें आहे. जेथें यातनांना क्षणाचाही खंड नाहीं असा, बौद्ध ग्रंथांतील सर्वांत खालचा नरक तो 'अवीचि'. त्या अखंड नरकाची वाट, असा चिनी नांवाचा भावार्थ.

हाँगकाँगमधील गुन्हेगारांच्या गुप्त संघटनांना 'ट्रायड' म्हणतात. यान नांवाच्या तरुणाला पोलिस-विद्यालयांतून सर्वांसमक्ष काढून टाकण्यांत येतें. हें सारें ठरवून केलेलें असतें. टोळींत शिरण्यासाठीं त्याला ही बदनामीच हवी असते. इकडे टोळीचा नायक साम आपला लाउ नांवाचा तरुण पोलिसांत भरती करतो. लाउला बढत्या मिळत जातात, तर यानच्या नांवावर मारामाऱ्या जमा होतात. लांचलुचपतीला आळा घालण्यासाठीं ज्या शहरांत १९७४ सालीं स्वतंत्र आयोग नेमावा लागला, तेथें पोलिसांत दडलेला चोर ही कांहीं केवळ कविकल्पना वाटत नाहीं.

अज्ञातवास आपल्याला नवा नाहीं. विराटाच्या घरीं धर्मराज कंक झाला, भीम बल्लव झाला, अर्जुन बृहन्नडा झाला. पण त्या अज्ञातवासाला एका वर्षाची मर्यादा होती, आणि पांच भाऊ व द्रौपदी परस्परांना ओळखत होतीं. यानची मुदत तीन वर्षांची ठरलेली. ती वाढत वाढत दहाच्या घरांत जाते. तो खरा कोण हें जाणणारे दोघेच: विद्यालयाचे प्रमुख आणि वाँग नांवाचे वरिष्ठ अधिकारी. प्रमुख वारतात, तेव्हां यान त्यांची अंत्ययात्रा दुरून पाहतो आणि कोणाला दिसणार नाहीं अशा बेतानें सलाम करतो. पुढें टोळीचे लोक वाँगना इमारतीच्या गच्चीवरून खालीं फेंकतात. यानच्या प्रामाणिकपणाचा अखेरचा साक्षीदार त्याच्या डोळ्यांदेखत नाहींसा होतो.

उरते ती दप्तरांतील नोंद. पण ती आतां लाउच्या हातीं असते. आपल्याच हस्ताक्षरांतील, टोळींतला एक लखोटा लाउच्या मेजावर पाहून यानला सारा उलगडा होतो व तो निघून जातो. हें ध्यानांत येतांच लाउ ती नोंद पुसून टाकतो. एका बोटाच्या दाबानें दहा वर्षांचें इमान मिटून जातें. या प्रसंगीं एकही गोळी सुटत नाहीं. तरी साऱ्या बोलपटांत एवढा भयंकर प्रसंग दुसरा नाहीं.

अखेरीस यान मारला जातो. मागाहून त्याची ओळख उजेडांत येते आणि पोलिसाचा मान त्याला मिळतो. लाउ जिवंत राहतो. त्यालाही आतां चांगलें व्हावयाचें आहे. परंतु केलेलीं कृत्यें झांकून जन्मभर सज्जन म्हणून वावरणें त्याच्या नशिबीं येतें. अवीचि कोणाच्या वांट्याला आला, तें प्रेक्षकानें ओळखावें.

मार्टिन स्कोर्सेसी यांनीं हीच कथा २००६ सालीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरांत नेली. 'द डिपार्टेड' या त्यांच्या बोलपटाला सर्वोत्कृष्ट बोलपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. शहर बदलूनही कथेचा जीव कायम राहिला, याचें कारण उघड आहे. आपल्या सदाचरणाला आपला अंतरात्मा साक्षी आहे, असें आपण म्हणतों. परंतु न्यायालयांत आणि कचेरींत अंतरात्म्याची साक्ष चालत नाहीं. म्हणून जें सरकार आपल्या माणसाला अशा अंधारांत पाठवितें, त्यानें त्याच्या परतीची वाट एकाच माणसाच्या स्मरणावर सोंपवूं नये; आणि त्याला शब्द दिला असेल तीन वर्षांचा, तर चवथें वर्ष उजाडण्यापूर्वीं त्याला घरीं आणावें.