मुदत कुणासाठी थांबत नाही
(भोकरदन तालुक्यातील बैठकीत केलेले भाषण)



आज आम्ही आमच्या वस्तीची चूक सांगायला उभे आहोत. ती लपवली तर दुसरी वस्तीही त्याच खड्ड्यात पडंल.

जमिनीचा दावा खालच्या कोर्टात चालू होता. दसऱ्यानंतर निकाल विरोधात गेला. वकील म्हणाले, वर अपील करू. आम्ही मान डोलावली. मुकादमाची उचल अंगावर होती; कोयते घेतले अन् ऊसतोडीला निघालो. आम्हाला वाटलं, वकिलानं अपील केलं असंल. वकिलाला वाटलं, हे लोक सही करायला येतील. उन्हाळ्यात परतलो, तर समोरचा माणूस कब्जा घ्यायला बेलिफ घेऊन दारात. अपील झालंच नव्हतं.

म्हणून ध्यानात ठेवा. दिवाणी दाव्याच्या निकालावर जिल्हा कोर्टात अपील करायला 30 दिवस, हायकोर्टात 90. दिवस निकालाच्या तारखेपासून मोजतात, आपल्याला कळलं तेव्हापासून नाही. मात्र नकलेचा अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस वजा होतात. म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका, पावती जपा. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असली, तर उघडंल त्या दिवशी अपील दाखल करता येतं.

मुदत गेली तरी हातपाय गाळू नका. 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 5 प्रमाणे उशीर माफ करण्याचा अर्ज अपिलासोबत देता येतो. कारण खरं सांगा, शपथपत्रावर सांगा. 1987 साली जम्मू-काश्मीरच्या भूसंपादनाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तिथं अपिलाला चार दिवस उशीर खुद्द सरकारनंच केला होता. कोर्टानं तो माफ केला. सरकारला उशीर होतो, तर ऊसतोड्याला का होणार नाही? पण माफी मागितली की मिळतेच असं नाही. कारण कोर्टाला पटावं लागतं. अन् नुसत्या अपिलानं कब्जा थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. अनुसूचित जमातीच्या माणसाला विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही.

आमचा माफीचा अर्ज आता जालन्याच्या कोर्टात पडून आहे. काय होईल ते होईल. तुम्ही मात्र टोळी निघायच्या आधी वकीलपत्रावर सही करा, अन् वस्तीत मागं राहणाऱ्या एकाकडं तारखांची वही द्या. जमीन कसून राखली, आता तारीखही राखू.

जिंदाबाद!