जबडा कट् वाजतोय?

रिलीजच्या आठवड्यात वडापाव खायला तोंड उघडलं आणि कानाजवळ कट्! दुखायलाही लागलं. मला वाटलं, कानच गेला. डेंटिस्टने विचारलं, "काम करताना दात आवळून बसता का?" बसतोच की!

कानापुढच्या सांध्यात एक छोटी चकती असते. ती सरकून परत जागेवर येते, तेव्हा कट् वाजतं. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर बहुतेकदा उपचार लागत नाहीत. दुखत असेल तर काही दिवस मऊ खा, गरम शेक घ्या, च्युइंगम बंद. एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे ठेवा. तोंड उघडेना किंवा उघडलेलं मिटेना, तर लगेच डॉक्टरला दाखवा.

आत्ता ऐकताना तुमचे दात टेकलेत का? सोडा बघू!