'हत्या' हा शब्द आता सोडू या

(नाशिकमध्ये द्वारका येथे झालेल्या महिलांच्या बैठकीतील भाषण)



इथे द्वारकेला मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता मिळतो. खेड्यापाड्यांतल्या बाया दवाखान्यासाठी इथे उतरतात. काही वर्षांपूर्वी अशीच एक बाई मला भेटली. पदरी दोन मुली, दिवस राहून अडीच महिने झालेले. पोटात मुलगा की मुलगी, हे तिला ठाऊक नव्हते. तिला आणखी मूलच नको होते. दोन दवाखान्यांनी तिला परत पाठवले. एका ठिकाणी ऐकवले, "दोन मुलींवर पाडायला आलीस? खुनाची केस होईल."

ही भीती आली कुठून? 2012 साली परळीचे प्रकरण गाजले. त्यानंतर राज्य सरकारने स्त्रीभ्रूणहत्येला 302 कलम, म्हणजे खुनाचे कलम, लावण्याचा विचार मांडला. तसा कायदा झाला नाही, पण धाक राहिला. औषध दुकानांवर धाडी पडल्या आणि अनेक दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच सोडले.

खुनाचे कलम लागले तर आरोपी कोण? डॉक्टर, नवरा, सासू आणि ती बाईसुद्धा! आजही 1971 च्या गर्भपात कायद्याच्या चौकटीबाहेर गर्भपात केला तर बाई गुन्हेगार ठरू शकते. इंग्रजांच्या 1860 च्या दंडसंहितेतले 312 कलम 2024 पासून न्याय संहितेत 88 क्रमांकाने कायम आहे.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपणच लढलो. 1985 साली मुंबईत त्यासाठी मंच उभा राहिला. 1988 साली महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला, 1994 साली केंद्राने. हा कायदा चाचणी करणाऱ्याला पकडतो. बाईवर घरच्यांनी सक्ती केली असे धरून चालतो. ते योग्यच आहे. आपला विरोध लिंग पाहून निवड करण्याला आहे, गर्भपाताला नाही.

पण घोषणा देताना आपणही 'भ्रूणहत्या' म्हणालो. मीही म्हणाले. गर्भपाताला हत्या म्हटले की बाई खुनी ठरते. यापुढे 'गर्भलिंगनिवड' म्हणू या.

आणि वस्तीवस्तीत सांगू या: गर्भनिरोधक फसले, तर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. 2021 च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निकालाने अविवाहितेचाही हक्क मान्य झाला आहे. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

त्या बाईला आम्ही तिसऱ्या दवाखान्यात नेले. तिचे काम नीट झाले. सोबत कुणी नसते तर ती कुठे गेली असती, याचा विचार करा.