तळ्याने राखलेला लेख

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात येणाऱ्या पाहुण्याला प्रथम दिसतो तो तेथील विस्तीर्ण तलाव. कोवळ्या वयातील विवेकानंदांनी याच वस्तीत काही काळ काढला. तलावाकाठून निघालेला जिज्ञासू शहरातील वस्तुसंग्रहालयाकडे वळला, तर तेथेही त्याला एका तळ्याचीच कथा ऐकावयास मिळते.

हे संग्रहालय राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी 1875 मध्ये स्थापन केले. सतनामी पंथाचे गुरू घासीदास ते निराळे. आरंभी संग्रह एका अष्टकोनी इमारतीत होता. आजच्या वास्तूचे उद्घाटन 1953 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. नागपूरच्या अजबबंगल्याच्या मानाने हा संग्रह लहान खरा. पण येथील एक वस्तू भल्याभल्या संग्रहालयांनी हेवा करावा अशी आहे.

ती वस्तू म्हणजे एक लाकडी खांब. 1921 मध्ये किरारी गावचा हीराबंध तलाव आटला आणि गाळातून हा खांब वर आला. त्यावर ब्राह्मी अक्षरे कोरलेली होती. पाण्याखाली सुमारे अठरा शतके टिकलेले ते लाकूड उन्हात येताच तडकू लागले. ढलपे निघाले, अक्षरे झडू लागली. त्याच वेळी गावातील पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी दिसली तितकी अक्षरे कागदावर उतरवून घेतली. पुढे डॉ. हीरानंद शास्त्री यांनी या लेखाचे संपादन केले, ते प्रामुख्याने त्या नकलेच्या आधारावर.

लेखात कोणाचा पराक्रम वर्णिलेला नाही. त्यात आहेत अधिकाऱ्यांची नावे आणि हुद्दे: नगररक्षक, सेनापती, प्रतिहार, गणक, भांडागारिक, लेखहारक. म्हणजे हिशेब लिहिणारा, कोठार सांभाळणारा, पत्रे पोहोचविणारा! राजाच्या स्तुतीचे शिलालेख पुष्कळ सापडतात. पण कारभार चालविणाऱ्यांची अशी यादी, आणि तीही लाकडावर, फार दुर्मिळ.

पाहुणा त्या भेगाळलेल्या खांबासमोर थोडा वेळ थांबतो. पाण्याने जपले ते उन्हाने नेले, आणि उन्हाने नेले ते एका खेड्यातील माणसाच्या कागदाने परत दिले. संग्रहालयाचे खरे काम त्या पंडितांनी तळ्याच्या काठावरच आरंभिले होते. प्रत्येक गावात जुने तळे असते. वेळीच कागद काढणारा माणूस मात्र असावा लागतो.