विलायतेतली शाळा आणि आपला गणपती

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सरकारी नोकरीत फाइलीवर शेरा लिहायची सवय, तोही चार ओळींचा. पण आपल्यापैकी पुष्कळांची मुले, सुना, जावई आता इंग्लंडात आहेत, तेव्हा तिथल्या शाळांविषयी कोणीतरी बोलावे असे कार्यवाहांनी सांगितले. मी स्वतः विलायत पाहिलेली नाही. मला जे कळले ते धाकट्या बहिणीशी झालेल्या एका भांडणामुळे. म्हणून सुरुवात भांडणापासूनच करतो.

बहीण आणि मेहुणे २०२१ साली नोकरीनिमित्त दोन्ही मुलांना घेऊन तिकडे गेले. आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो. २०२३ साली अधिक महिन्यामुळे गणपती १९ सप्टेंबरला आले, बहीण आली नाही. २०२४ साली ७ सप्टेंबरला आले, तेव्हाही नाही. आई रोज आरती झाली की दाराकडे बघायची. शेवटी मी फोन करून बोललो, "चार दिवस शाळा बुडाली तर मुलं काही नापास होत नाहीत. यायचं नाही असं सरळ सांग ना!" ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला शाळेचे पत्र पाठवले.

आता परिपत्रक वाचणे हे माझे रोजचे काम. शब्दकोश घेऊन दोन रात्री बसलो आणि ते पत्र वाचून काढले. त्यात होते ते असे. मी बोलतो ते फक्त इंग्लंडविषयी. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगवेगळे आहेत.

तिथे शाळेचे वर्ष सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते आणि जुलैच्या अखेरीस संपते. हजेरी दिवसातून दोनदा होते, सकाळी आणि दुपारी. अपवादात्मक कारण असल्याशिवाय मुख्याध्यापकांना सत्र चालू असताना रजा मंजूर करता येत नाही. धार्मिक सणाचा नेमका दिवस असेल तर त्या दिवसापुरती सूट मिळते. दहा आठवड्यांत परवानगीशिवाय दहा हजेऱ्या, म्हणजे पाच दिवस बुडाले, की दंडाची नोटीस येऊ शकते. ऑगस्ट २०२४ पासून हा दंड ८० पौंड आहे. एकवीस दिवसांत भरला नाही तर १६०. आणि तो दर मुलामागे, दर पालकाला! आई, वडील आणि दोन मुले धरली तर ३२० पौंड, त्या वेळच्या भावाने पस्तीस हजारांच्या आसपास. तीन वर्षांत दुसऱ्यांदा घडले तर थेट १६०, तिसऱ्यांदा घडले तर प्रकरण कोर्टात जाऊ शकते. प्रवास धरून पाच दिवसांचा गणपती करायचा तर आठवडा सहज जातो. मी ज्याला निमित्त म्हणत होतो, तो कायदा होता.

मग उत्सुकतेने बाकीचेही विचारत गेलो. पहिला धक्का इयत्तेचा. भाची इथे दुसरीत होती, तिकडे गेल्यावर तिला 'इयर थ्री'मध्ये बसवले. आईने शेजारीपाजारी सांगून टाकले की, "पोरगी हुशार, एक वर्ग वर घेतला!" खरी गोष्ट वेगळी आहे. तिथे वर्ग ठरतो तो वयावर. ३१ ऑगस्टपर्यंत चार वर्षे पूर्ण झालेले मूल त्या सप्टेंबरात 'रिसेप्शन'च्या वर्गात जाते, पाच पूर्ण झालेले इयर वनमध्ये. भाचीचा जन्म २८ ऑगस्टचा. चार दिवस उशिरा जन्मली असती तर एक वर्ग खाली असती. पुढे सहसा नापास करून मागे ठेवत नाहीत, आणि हुशार म्हणून वर ढकलतही नाहीत. वर्गातले कच्चे आणि पक्के एकत्रच पुढे जातात. ज्याला मदत हवी त्याला त्याच वर्गात मदत देतात.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. सुमारे ९३ टक्के मुले सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत शिकतात. फी नाही, डोनेशन नाही. कामाच्या व्हिसावर गेलेल्यांच्या मुलांनाही या शाळा मोफत आहेत. पहिल्या तीन वर्गांना दुपारचे जेवणही मोफत मिळते. 'पब्लिक स्कूल' हे नाव ऐकून फसू नका. ईटनसारख्या शाळांना ते नाव आहे, पण त्या खासगी आणि भरमसाट फीच्या.

मग चुरस कुठे आहे? ती पत्त्यात आहे. अर्ज शाळेकडे करायचा नसतो, स्थानिक कौन्सिलकडे करायचा. कौन्सिल म्हणजे आपल्या महापालिकेसारखे. प्राथमिकसाठी शेवटची तारीख १५ जानेवारी, माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबर. पसंतीक्रमाने निदान तीन शाळांची नावे देता येतात. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर आधी सरकारच्या देखरेखीखालची निराधार मुले, मग बहुतेक ठिकाणी ज्यांची भावंडे त्या शाळेत आहेत ती, आणि मग घरापासूनचे अंतर. त्यामुळे चांगल्या शाळेच्या आसपास घरांचे भाव आणि भाडी चढलेली. भाचीच्या माध्यमिक प्रवेशासाठी बहिणीने २०२४ च्या उन्हाळ्यात घर बदलले, लहान घर घेतले आणि भाडे जास्त भरले. मी भांडत होतो तेव्हा ती खोक्यांत सामान भरून बसलेली होती. हे मला नंतर कळले. मार्चमध्ये निकाल आला, दुसऱ्या पसंतीची शाळा मिळाली. ओळख नाही, चिठ्ठी नाही. नामंजुरी पटली नाही तर स्वतंत्र समितीपुढे अपील करता येते. पण फी नाही म्हणजे पैशाचा संबंध नाही, असे मात्र नाही. जो जवळचे घर घेऊ शकतो त्याचे पारडे जड राहते.

माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याला आवडलेली गोष्ट सोळाव्या वर्षानंतरची. सोळाव्या वर्षी जीसीएसई ही परीक्षा होते. त्यानंतर अठरापर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू ठेवावेच लागते. पुष्कळ जण तीन विषय निवडून ए लेव्हल करतात. कोणी टी लेव्हल घेतात, त्यात प्रत्यक्ष कामाच्या जागी काही आठवडे काढावे लागतात. कोणी पगार घेत घेत उमेदवारी करतात.

आईचे समाधान मात्र माझ्या सांगण्याने झाले नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती तीन महिने तिकडे राहून आली. भाच्याला शाळेत सोडायचे आणि आणायचे काम तिचे. पावणेनऊला फाटक बंद. लहान वर्गातल्या मुलाला नेमून दिलेले मोठे माणूस आल्याशिवाय शिक्षिका सोडत नाहीत. सव्वातीनला शाळा सुटते, आईबाप दोघेही कामावर, त्यानंतरच्या पाळणाघराचे पैसे तासावर. एकदा भाच्याला ताप आला आणि बहीण शाळेला कळवायला विसरली. साडेनऊला शाळेतून फोन, मूल कुठे आहे? आई मला म्हणाली, "अरे, हे दंडासाठी नाही विचारत. पोर सुखरूप आहे ना, हे विचारतात."

शिक्षक-पालक भेटीला दर मुलामागे दहा मिनिटे. तिथे शिक्षिकेने बहिणीला सांगितले की घरी मराठीच बोलत राहा, इंग्रजी आम्ही बघून घेतो. आपण बडोदेकर हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. शाळा गुजराती, घर मराठी. गंमत अशी की जीसीएसईला गुजराती विषय घेता येतो, मराठी नाही. म्हणजे मराठीचे काम तिथेही घरालाच करावे लागते.

आणि दंडाचे म्हणाल, तर आपल्या बडोद्याला तो नवा नाही. इंग्लंडात शाळा सक्तीची झाली १८८० साली. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानात नेले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला तेव्हा इथेही दंड होता. आपल्या पणजोबांनी त्या दंडाला नावे ठेवली असतील, पण आपल्या घरातली पहिली अक्षरे त्यातूनच आली. फुकट शाळा आणि हजेरीची सक्ती ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की लेक सणाला आली नाही तर तिचे मन बदलले असे लगेच धरू नका. आधी तिच्या मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या विचारा. जुलैच्या अखेरीपासून साधारण सहा आठवडे, नाताळचे दोन, ईस्टरचे दोन, आणि ऑक्टोबरच्या अखेरचा एक आठवडा, ज्यात कधी कधी दिवाळी सापडते. त्याच दिवसांत विमानाची तिकिटे सर्वांत महाग असतात, तेही लक्षात घ्या.

गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते. बहीण सगळ्यांना घेऊन आली. भाचीचा अकरावा वाढदिवस गणपतीसमोर झाला. ३१ ला विसर्जन केले आणि त्याच रात्री ती मंडळी मुंबईच्या गाडीत बसली, कारण त्या आठवड्यात भाचीची नवी शाळा उघडत होती. स्टेशनवर मी बहिणीची माफी मागितली. ती म्हणाली, "दादा, मलाही आधीच सगळं सांगता आलं असतं."

यंदा पुन्हा अधिक महिना, गणपती १४ सप्टेंबरला, सोमवारी. ती येणार नाही. आईने कॅलेंडर पाहिले आणि स्वतःच म्हणाली, "शाळा आहे. दिवाळीचं बघू."

गणपती बाप्पा मोरया!