पोटाचे डायालिसिस : माणूस जास्त वर्षे कशाने टिकतो

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ सभासदांच्या बैठकीत केलेले भाषण, थोडेफार सावरून)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. नोकरीभर बँकेत कर्जखाती तपासली. काही वर्षे दौंड शाखेत, नंतर इथे शिरूरला. पण आमच्या सौभाग्यवतींनी पोटाच्या डायालिसिसवर पाच वर्षे आठ महिने काढले. त्या काळात डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, ते सांगावे असे कमिटीने सुचवले. आपल्या सोसायटीत सध्या दोन घरांपुढे हाच निर्णय आहे. "काका, यावर माणूस किती वर्षे काढतो हो?" असे मला जिन्यात विचारले जाते. जिन्यात उभ्या उभ्या देण्याजोगे हे उत्तर नव्हे, म्हणून इथे बसून बोलू.

आपल्या पिढीला डायालिसिस हा शब्द जयप्रकाश नारायणांमुळे कळला. १९७५ साली अटकेत असताना त्यांची किडनी निकामी झाली. मुंबईच्या जसलोकमध्ये उपचार सुरू झाले आणि १९७९ च्या ऑक्टोबरपर्यंत ते मशीनच्या आधारावर जगले. ते रक्ताचे डायालिसिस, म्हणजे हीमोडायालिसिस. पोटाच्या डायालिसिसची घरी करण्याची पद्धत त्याच सुमारास, १९७६ साली, अमेरिकेत टेक्सासमध्ये पॉपोविच आणि मॉनक्रीफ या दोघांनी मांडली. आपल्या देशात ती १९९१ मध्ये आली.

पद्धत सोपी आहे. पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो, पेरिटोनियम. बारीक ऑपरेशन करून पोटात एक नळी बसवतात. त्या नळीतून दोन लिटर द्रव आत सोडायचा, चार-सहा तास ठेवायचा, मग बाहेर काढून नवा भरायचा. असे दिवसातून तीन-चार वेळा. रक्तातली घाण आणि जास्तीचे पाणी पडद्यातून त्या द्रवात उतरते. विजेचे काम नाही, त्यामुळे लोडशेडिंगची भीती नाही. (रात्री झोपेत करणारे मशीनही मिळते, त्याला मात्र वीज लागते.)

आता अंतर पाहा. शिरूर ते पुणे साधारण ७० किलोमीटर. हीमोडायालिसिससाठी पुण्याला आठवड्यातून तीनदा जायचे म्हटले तर ४२० किलोमीटर झाले, वर शिक्रापूर-वाघोलीची वाहतूक. दौंडचे आमचे मेहुणे निदान रेल्वेने जायचे. आपल्याकडे रेल्वेही नाही. २०१६ पासून केंद्राच्या कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत हीमोडायालिसिसची सोय होऊ लागली आणि २०१९ मध्ये पोटाच्या डायालिसिसचीही मार्गदर्शक तत्त्वे आली. मेहुण्यांचे चांगले चालले होते, तेव्हा एक पद्धत चांगली आणि दुसरी वाईट असे मी म्हणत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत दोन्हींचे निकाल साधारण सारखे दिसतात.

मग कोण जास्त टिकतो? वय, मधुमेह आणि हृदयाचे दुखणे यांचा वाटा सर्वांत मोठा. सुरुवातीच्या दिवशीच हे ठरलेले असते, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यापुढचे बरेचसे मात्र घरात घडते, आणि मला बोलायचे आहे ते त्याबद्दल.

पहिली गोष्ट लघवी. हसू नका. कॅनडा आणि अमेरिकेतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास आहे, त्याची आकडेमोड २००१ साली पुन्हा झाली. त्यात दिसले की रोजची लघवी २५० मिलिलिटरने जास्त असेल, तर मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी आढळतो. दुसरा अभ्यास मेक्सिकोचा, २००२ चा, ९६५ रुग्णांचा. निम्म्यांना नेहमीच्या चार पिशव्या, निम्म्यांना वाढीव डायालिसिस. जगण्यात फरक पडला नाही! म्हणजे किडनीत जे थोडेफार शिल्लक आहे, ते आमच्या भाषेत मुद्दल. बाहेरून कितीही भरणा केला तरी त्याची जागा पूर्ण भरून निघत नाही. हे मुद्दल खाणारी मोठी गोष्ट म्हणजे गुडघेदुखीच्या गोळ्या. आपण मेडिकलमध्ये जातो, "एक स्ट्रिप द्या" म्हणतो आणि खातो. डायालिसिसवाल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही वेदनाशामक गोळी घेऊ नये. जुलाब-उलट्यांनी अंग कोरडे पडले किंवा सीटी स्कॅनला रंगाचे इंजेक्शन द्यायचे ठरले, तरी किडनीच्या डॉक्टरांना आधी फोन करावा.

दुसरी गोष्ट ताट. इथे घरोघरी गोंधळ होतो. डायालिसिसच्या आधी डॉक्टर सांगतात, डाळ कमी, प्रोटीन कमी. ते घरच्यांच्या डोक्यात इतके पक्के बसते की डायालिसिस सुरू झाल्यावरही सून सासूबाईंना नुसता भात आणि पातळ वरण वाढते. आणि इकडे त्या पिशवीतून रोज पाच ते पंधरा ग्रॅम प्रोटीन वाहून जात असते! आता नियम उलटा झाला. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवे. साठ किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास असते, यावरून हिशेब करा. आमच्याकडे माळकरी घर, अंडे चालत नव्हते. पनीर, घट्ट डाळ, मोड आलेली कडधान्ये यांवर भागवले, पण फॉस्फरस वाढतो म्हणून आहारतज्ज्ञांकडून प्रमाण लिहून घेतले. रक्तातले अल्ब्युमिन खाली गेलेले रुग्ण लवकर जातात, हे जगभर दिसले आहे. भूकच लागत नाही, पोटात द्रव असल्याने भरल्यासारखे वाटते, हेही खरे. थोडे थोडे पाच वेळा द्यावे.

तिसरे, मीठ. पापड, लोणचे, ठेचा. मीठ खाल्ले की तहान लागते, तहान लागली की पाणी, मग पायाला सूज आणि हृदयावर ताण. मग ते पाणी ओढायला जास्त साखरेची, ४.२५ टक्क्यांची पिशवी लावावी लागते. ती वारंवार लावली की पोटाचा पडदाच हळूहळू खराब होतो. म्हणून रोज सकाळी ठरलेल्या वेळी वजन आणि रक्तदाब घ्यायचा, किती द्रव आत गेला, किती बाहेर आला ते वहीत लिहायचे. मी लेजरच केले होते. डॉक्टर आमच्या घरच्यांना नंतर, आधी वहीला विचारत.

चौथे, जंतुसंसर्ग. याला मी सर्वांत जास्त भीत होतो. बाहेर येणारा द्रव लिंबू सरबतासारखा गढूळ दिसला, पोट दुखले, ताप आला, तर उद्यावर ढकलायचे नाही. ती पिशवी तशीच बरोबर घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचे. वेळेत गेले तर अँटिबायोटिक पोटातच सोडून बहुतेक वेळा बरे होते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा आहे, रुग्णामागे वर्षाला ०.४, म्हणजे अडीच वर्षांत एकापेक्षा जास्त नको. आमच्याकडे एवढ्या काळात दोनदा झाले, दोन्ही वेळा उन्हाळ्यात. घोडनदीकडून मातीचा वारा येतो, तुम्हाला माहीतच आहे. पिशवी बदलताना खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, साबणाने हात धुऊन स्वच्छ कोरडे केलेले. हात ओले राहिले तर धुण्याचा निम्मा उपयोग गेला. विहिरीत, नदीत अंघोळ बंद. आणि बद्धकोष्ठता होऊ द्यायची नाही. तिने द्रव नीट बाहेर येत नाही आणि संसर्गालाही वाव मिळतो.

एक फरक लक्षात ठेवा. पोटाचे डायालिसिस बंद पडले म्हणजे माणूस संपला असे नाही. पडदा थकला तर हीमोडायालिसिस आहे, आणि जमत असेल तर प्रत्यारोपण आहे. चांगले चालले असतानाच प्रत्यारोपणाची चौकशी करून ठेवावी.

खर्चाचे काय, असे विचाराल. पैसे वाचवायला चारच्या तीन पिशव्या स्वतःच्या मनाने करणारे लोक मी पाहिले आहेत. लघवी चांगली असेल तर डॉक्टर स्वतःच कमी पिशव्यांवर सुरुवात करून देतात. ते त्यांना विचारा, पण परस्पर करू नका.

आता कमिटीसाठी थोडे. महिन्याला १२० पिशव्या म्हणजे २४० लिटर माल एकदम येतो. तो तिसऱ्या मजल्यावर चढवायचा असतो. त्या दिवशी लिफ्ट बंद ठेवू नका, आणि खोकी दोन तास पार्किंगमध्ये राहिली तर नोटीस काढू नका. वापरलेला द्रव संडासात ओततात, रिकाम्या पिशव्या वेगळ्या बांधून देतात. कचरा नेणाऱ्या ताईंना तसे सांगून ठेवावे. फ्रान्समध्ये वयस्कर रुग्णांच्या घरी नर्स येऊन पिशवी बदलते. आपल्याकडे ते काम सून, मुलगा किंवा म्हातारा नवराच करतो. रोज चार वेळा, सणवार नाही, आजारपण नाही. त्या माणसाला कधी दोन तास बाहेर पडता आले तर बघा. आमच्या मजल्यावरच्या एका वहिनी ट्रेनिंगला माझ्याबरोबर येऊन बसल्या होत्या. मला मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा आठ दिवस त्यांनीच पिशव्या बदलल्या.

भाषण झाल्यावर एका भगिनींनी विचारले, परगावी जाता येते का? येते. भाचीच्या लग्नाला आम्ही दौंडला चार दिवस राहिलो होतो. सोळा पिशव्या आणि वर दोन जास्तीच्या, हुक, मास्क, वजनकाटा. पिशवी गरम करायला कोरडा शेक घ्यावा, गरम पाण्यात बुडवू नये. एक खोली मात्र आतून कडी लागणारी, यजमानांकडून आधीच मागून घ्या; लग्नघरात नंतर मिळत नाही.